बारा मापांची कविता

आमच्या घरात एक हा आकडा नव्हता. म्हणजे पाटीवर होता, भिंतीवरच्या कॅलेंडरात होता, पण कुणाच्या तोंडात नव्हता. माझे वडील, अप्पा, मापाडी होते. गावात कुणाच्याही खळ्यावर रास तयार झाली की धान्य मोजायला अप्पांना बोलावणं यायचं, आणि मापाडी पहिल्या मापाला कधी एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. अप्पांचं ऐकून अव्वाही, म्हणजे माझी आई, टोपल्यातल्या भाकरी लाभापासून मोजायची, दारातल्या शेळ्या लाभापासून मोजल्या जायच्या, आणि माझा पहिला दात पडला तेव्हा अव्वानं शेजारणीला कौतुकानं सांगितलं होतं की नंदीचा लाभ पडला. आता मी नांदेडला चौथ्या मजल्यावर राहते. भाताला तांदूळ मोजताना पहिली वाटी अजून लाभ म्हणूनच पडते, आणि माझी सून इतकी बेरकी, की कुकरची पहिली शिट्टी झाली की स्वयंपाकघरातून मुद्दाम आवाज देते, आई, लाभ झाला बरं का. मी तिला रागावत नाही. रागावून एक म्हणायची सवय थोडीच लागणार आहे.

आमचं गाव देवणीच्या अलीकडं, सडकेपासून आत. अव्वाचं माहेर सीमेच्या पलीकडं, त्यामुळे घरात अर्धी कानडी. पुरे झालं म्हणायचं तर अव्वा साकु म्हणायची, आणि अप्पा तिला चिडवायला तिच्या पुढ्यात ताट धरून साकु साकु म्हणत दुसरी भाकरी मागायचे. दोन खोल्या, पुढं ओसरी, ओसरीच्या खुंटीला अप्पांची धान्य मोजायची पायली. ती पायली देवासारखी होती. तिच्यात कुणी पाणी प्यायचं नाही, तिला पालथी ठेवायची नाही, लेकरांनी तिच्याशी खेळायचं नाही. सकाळी उठलं की अप्पांच्या घशाची निगा सुरू व्हायची. सुंठ आणि गूळ दाढेखाली धरून ते ओसरीवर बसायचे आणि हळू आवाजात सूर लावून बघायचे. आत अव्वाची भाकरी थापल्याचा आवाज, बाहेर अप्पांचं गुणगुणणं, आणि मधूनच शेळीचं ओरडणं. तव्यावरच्या भाकरीचा वास आला की मी अंथरुणातून उठायचे. ताटात भाकरी, शेंगदाण्याची चटणी, असली तर अंबाडीची भाजी आणि वर कच्चं तेल. त्या भाजीची चव मी नांदेडच्या मंडईत पुष्कळ शोधली. अंबाडी मिळते, चव मिळत नाही, आणि हे ऐकून माझा मुलगा म्हणतो की आई, तेव्हा तुला भूक जास्त लागत असेल. त्याचंही खरं असेल.

अप्पांसोबत खळ्यावर जायला मला फार आवडायचं. सारवलेल्या जागेच्या मधोमध ज्वारीची रास. अप्पा चपला लांब काढून ठेवायचे, राशीसमोर उकिडवे बसायचे आणि पायली भरायचे, दोन्ही हातांनी, वर शीग येईपर्यंत. पहिली पायली पोत्यात पडली की खळ्यावरचे सगळे जण कपाळाला हात लावून एका सुरात लाभ म्हणायचे. मालक, गडी, बाया, वाटेनं जाणारा थांबलेला माणूस, सगळे. आणि मग अप्पा एकटे सुरू करायचे, लाभा लाभा लाभा लाभ. दुसरी पायली भरून होईपर्यंत ते हेच म्हणत राहायचे. ती पोत्यात पडली की दोना दोना दोना दोन. मग तिसरी. मधे कुणी रामराम घातला तरी अप्पा उत्तर द्यायचे नाहीत, कारण तोंडातून आकडा सुटला की हिशेब गेला. एकदा दोन कुत्री भांडत भांडत थेट राशीवर आली, अप्पांनी हाड म्हटलं आणि आकडा निसटला. मालक म्हणाला, चाळीसच होते, मी ऐकलंय. अप्पांनी भरलेली पोती उलटी केली आणि पुन्हा लाभापासून मोजलं. त्या दिवशी आम्ही उन्हं उतरल्यावर घरी आलो आणि अव्वानं गार झालेलं वरण वाढलं.

मी पुढं कॉलेजात मराठी शिकवलं. कवितेत ओळ पुन्हा पुन्हा का येते, असा प्रश्न दरवर्षी परीक्षेत असायचा, आणि मुलं दरवर्षी लिहायची की भावना उत्कट करण्यासाठी. मी गुण द्यायचे. पण मनात म्हणायचे, बाळांनो, ओळ पुन्हा म्हणतात ती हातातलं माप भरेपर्यंत काही निसटू नये म्हणून. हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं, आणि मी तशी भित्रीच मास्तरीण होते.

मी सातवीत होते त्या वर्षाची ही गोष्ट. गावची शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर लातूरला, मुलींच्या वसतिगृहात राहून. माझ्या मनात लातूर पक्कं बसलं होतं. लातूर मी एकदाच बघितलं होतं, तेही एसटीच्या खिडकीतून, पण वह्या छातीशी धरून रस्ता ओलांडणाऱ्या मुलींचा घोळका मी विसरले नव्हते. अव्वाचा जीव माझ्या शिक्षणावर होता. ती जेवताना विषय काढायची आणि अप्पा म्हणायचे, बघू. ते नाही कधी म्हणाले नाहीत. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. बघू या शब्दाशी कसं भांडणार? त्यामागचं कारण मात्र मला ठाऊक होतं. माझा चुलतभाऊ बसू लातूरला कॉलेजात होता. अप्पा एकदा त्याला घरचं तूप द्यायला गेले, तर त्यानं मित्रांना सांगितलं की हे आमच्या गावचे आहेत. काका आहेत असं सांगितलं नाही. अप्पा तूप देऊन परत आले. त्यांनी ते अव्वाला एकदाच सांगितलं, आणि तेव्हापासून बघू सुरू झालं.

त्याच वर्षी शाळेत नव्या बाई आल्या. शैलाबाई, नांदेडच्या. त्यांच्या घरात सगळे शिक्षक, बोलणं स्वच्छ, साडीची निरी सरळ. आमच्या गावातल्या बायका नुसती ती निरी बघायला शाळेवरून जायच्या. बाईंनी वर्गात सहा ऋतूंचा तक्ता लावला. वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. आम्हाला नवल वाटलं, कारण आमच्याकडं उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीनच होते आणि त्यातही उन्हाळ्यानं बाकी दोघांची जागा बळकावलेली. बाईंनी आम्हाला मात्रा शिकवल्या, चिंचोके घेऊन. ऱ्हस्व अक्षराला एक चिंचोका, दीर्घाला दोन. ओळीखाली चिंचोके मांडत जायचं आणि सगळ्या ओळींचे सारखे आले की कविता चालायला लागते, असं बाई म्हणायच्या. मी घरी येऊन अप्पांच्या आरोळीखाली चिंचोके मांडले. लाभा लाभा लाभा लाभ. शेवटचं अक्षर सोडलं तर प्रत्येकाखाली दोन दोन. दोना दोना दोना दोन, तसंच. सहाला तर अप्पा साहा म्हणायचे, आणि मला वाटायचं की ते अडाणी आहेत म्हणून. चिंचोके मांडल्यावर कळलं, आखूड अक्षरात हात मागं राहतो, म्हणून ते अक्षर ओढून पुरं करायचे. मी ओसरीवर बसून एकटीच हसले. पोरीला काय झालं म्हणून अव्वा आतून बघून गेली.

मग बाईंनी सगळ्यांना घरून ऋतूंवर कविता करून आणायला सांगितली. गॅदरिंगला त्यातली एक निवडायची होती, आणि बाहेरून विस्तार अधिकारी साहेब येणार होते. मुलांनी कोकिळा आणल्या, मोर आणले. मला कोकिळेचं काही सुचेना. मला अप्पांचा आवाज ऐकू येत होता आणि त्या आवाजावर महिने आपोआप बसत गेले. बारा महिने, बारा मापं. अर्धी कविता शेळ्या चारताना झाली, अर्धी येळवशीच्या दिवशी शेतात. आमच्याकडं येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, हा वर्षाचा सगळ्यात आनंदाचा दिवस. सगळं गाव शेतात, ज्वारी डोक्याइतकी, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा, आणि मग हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील. पोट इतकं भरलेलं की चालवत नव्हतं, आणि त्या सुस्तीत मला नववं माप सापडलं. ती कविता अशी होती, सगळी देत नाही, कारण सातवं आणि दहावं आज वाचताना मलाच लाज वाटते:

लाभा लाभा लाभा लाभ
चैत आला, लिंबाला आब
दोना दोना दोना दोन
वैशाखात निजतंय कोण
तीना तीना तीना तीन
जेठ आला, वल्ली जमीन
चारा चारा चारा चार
आखाड सारा हिरवागार
पाचा पाचा पाचा पाच
पंचमीला पोरींचा नाच

पुढं नवव्याला होतं, नवा नवा नवा नवा, येळवशीला उंडा हवा. आणि शेवटी, बारा बारा बारा बारा, रंगात न्हाला गाव सारा.

बाईंनी कविता वाचली, मग बोटांवर मात्रा मोजत पुन्हा वाचली. कुठून उतरवलीस असं विचारतील अशी मला भीती होती. त्यांनी विचारलं, ही चाल कुठली? मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई वही घेऊन पाटलाच्या खळ्यावर आल्या, आणि पोत्यावर बसून अप्पांचं मोजणं ऐकत राहिल्या. अप्पांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही, पण आवाज मात्र एरवीपेक्षा चढा लावला, हे मला कळलं. बाई परत जाताना म्हणाल्या की तुझ्या वडिलांचा ठेका घड्याळासारखा आहे. माझीच कविता निवडली गेली. फक्त एक बदल त्यांनी सुचवला. साहेब बाहेरचे, त्यांना लाभ काय ते कळायचं नाही, ही मोजदाद दोनपासून कशी सुरू झाली असं वाटेल, म्हणून पहिल्या जागी त्यांनी लिहून दिलं, एका एका एका एक, चैत्र आला, आनंद अनेक. मात्रा बरोबर होत्या. यमक तर माझ्यापेक्षा सरस होतं, माझं लाभ आणि आब ओढूनताणूनच होतं. आणि खरं सांगायचं तर मला ते पटलं. एक हा मला शिकलेल्या माणसांचा आकडा वाटला. वसतिगृहासाठी शिफारशीची चिठ्ठी बाईच देणार होत्या, हेही डोक्यात होतंच.

घरी मी नवं कडवं पाठ करत होते. अप्पा अंगणात अंबाडीची दोरी वळत होते. मी एका एका म्हटलं आणि दोरीचा आवाज थांबला.

"एक कुठनं आलं गं?"

"बाईंनी बदललं."

"बरं."

दोरी पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी जेवताना अव्वानं लातूरचा विषय काढला तर अप्पा बघूसुद्धा म्हणाले नाहीत. चटणी मागून घेतली, भाकरी संपवली, हात धुतला. मग उठता उठता अव्वाला म्हणाले, "बसूनं लातूरला गेल्यावर काका सोडला. ही तर लाभ सोडायली, आन् आजून गावातच हाय." मी ताटातल्या भाजीकडं बघत बसले. बाईंचं ऐकलं तर अप्पा पाठवणार नाहीत, आणि नाही ऐकलं तर बाई चिठ्ठी देणार नाहीत, असं ते सरळ कोडं होतं. मी फार विचार केला. तेरा वर्षांची पोर जेवढा करू शकते तेवढा केला, आणि ठरवलं की एकच म्हणायचं. अप्पांना पुढं समजावता येईल, पण चिठ्ठी गेली तर गेली. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं अनेक सत्कारांत लोकांनी माझ्या त्या दिवसाच्या धिटाईबद्दल भाषणं केली आहेत आणि मी हार घालून गप्प बसले आहे.

गॅदरिंग दुपारी होतं. शाळेच्या ओट्याला लुगड्यांचे पडदे, मैदानात सतरंज्या, एका बाजूला बाया, एका बाजूला गडीमाणसं. साहेब खुर्चीवर. अप्पा धुतलेलं धोतर नेसून आले होते आणि कशी कोण जाणे अगदी पुढं बसले होते. त्यांनी शाळेत पाऊल टाकलं ते त्याच दिवशी. अव्वानं माझ्या वेणीत शेवंती घातली होती, तेल इतकं लावलं होतं की ते कपाळावर उतरत होतं. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, हात जोडले, नजर कुठं ठेवावी ते न कळून ती अप्पांवर गेली. मी एक म्हणायला तोंड उघडलं. आणि तोंडातून आलं, लाभ.

मी आजही त्या क्षणी काय झालं ते नीट सांगू शकत नाही. समोर अप्पा उकिडवे बसलेले, आजूबाजूला खळ्यावरची सगळी ओळखीची तोंडं. सुरुवात करायची म्हटल्यावर जिभेला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. मी जागच्या जागी गारठले. पण मला चूक सुधारायला सवडच मिळाली नाही, कारण समोरच्या सगळ्या गडीमाणसांचे हात कपाळाला गेले आणि सगळं मैदान एका सुरात लाभ म्हणालं. बायाही म्हणाल्या. साहेब दचकून मागं बघायला लागले. आणि मग लोक थांबेचनात. खळ्यावरचा नियमच तो, पुढचं माप पडेपर्यंत मागचा आकडा सोडायचा नाही. लाभा लाभा लाभा लाभ, मैदान म्हणतंय, आणि मी ओट्यावर उभी. माझ्याशिवाय पुढचं माप कोण टाकणार? मी ओरडूनच म्हटलं, चैत आला, लिंबाला आब. लोक हसले. दोना दोना, मी म्हटलं, आणि दोन मैदानानं उचललं. मग मात्र मला मजा यायला लागली. तिसऱ्याला माझे पाय हलायला लागले. चौथ्याला साहेबांची मान डोलायला लागली, ती बघून मी इतकी हरखले की थेट म्हटलं, साहा साहा साहा साहा.

मैदान अडखळलं. काही जण साहा म्हणाले, काही गप्प झाले. आणि अप्पा उभे राहिले. चार माणसांत कधी न बोलणारे अप्पा, साहेबांच्या समोर, हात वर करून उभे.

"थांब. पाचवं ऱ्हायलं."

माझे कान तापले. बाईंनी पडद्याआडून खूण केली, पुढं चल, पुढं चल. कार्यक्रमात तसंच करायचं असतं, चुकलं तरी दाखवायचं नाही, हे त्यांनी आम्हाला शिकवलंच होतं. मी अप्पांकडं बघितलं. ते बसायला तयार नव्हते. पाचवं माप पडल्याशिवाय ते आयुष्यात कधी साहाव्यावर गेले नव्हते आणि आज लेकीसाठी जाणार नव्हते. मी मागं फिरले. चारा चारा चारा चार पुन्हा म्हटलं, आखाड पुन्हा हिरवागार केला, आणि मग पाचा पाचा पाचा पाच, पंचमीला पोरींचा नाच. बायांच्या बाजूनं एकच हशा आणि टाळ्या. पंचमी गाळून पुढं निघालेल्या पोरीला त्यांनी काय सोडलं असतं? अप्पा खाली बसले. बाराव्यापर्यंत मग मी नीट गेले, आणि मला वाटतं, तेवढ्या मोठ्या आवाजात कुठलीही कविता मी नंतर ऐकलेली नाही.

साहेबांनी बाईंना विचारलं, मुलीला वृत्त कुणी शिकवलं. बाईंनी पुढं बसलेल्या अप्पांकडं बोट दाखवलं. अप्पांनी उपरण्यानं तोंड पुसलं आणि जोडे शोधायला निघून गेले. बाई माझ्यावर चिडल्या असतील म्हणून मी लपत होते, तर त्यांनी मला धरून सांगितलं की बरं झालं तू माझं ते आनंद अनेक गाळलंस, ते कडवं मला रात्रभर खटकत होतं. चिठ्ठी त्यांनी दुसऱ्याच दिवशी घरी आणून दिली. अव्वानं त्यांना शेंगदाण्याची पोळी खाऊ घातली, आणि दुसरी पोळी वाढताना बाई साकु म्हणाल्या तेव्हा अव्वा इतकी खूश झाली की तिसरीही वाढली.

आणि अप्पांनी त्या रात्रीच्या जेवणात, कुणी न विचारता, अव्वाला सांगून टाकलं. "जूनला नंदीला लातूरला सोडू. बाईनं सांगूनबी लेकरानं लाभ सोडला न्हाई." अव्वाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती आत गेली आणि भांडी उगाच वाजवायला लागली. मला हवं ते मिळालं होतं आणि ते एका खोट्यावर मिळालं होतं. मी लाभ धरून ठेवला नव्हता. मी तो सोडायचा ठरवून ओट्यावर गेले होते. हे अप्पांना ठाऊक नव्हतं, आणि मी गप्प राहिले तर कधीच होणार नव्हतं.

दोन दिवस मी गप्प राहिले. ते दोन दिवस घरात फार आनंदाचे होते. अव्वा माझ्यासाठी पत्र्याची पेटी कुणाकडं मिळेल याची चौकशी करत होती, शेजारणी येऊन लातूरच्या गोष्टी सांगत होत्या, आणि अप्पा ओसरीवर सुंठ चघळत माझीच कविता गुणगुणत होते. प्रत्येक वेळी पाचव्याला ते माझ्याकडं बघून हसायचे. मला त्या हसण्याचा त्रास व्हायला लागला. भरलेली पोती उलटी करणारा माणूस माझ्यासमोर बसलेला होता, आणि माझं माप चुकलेलं फक्त मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा पायलीला तेल लावत होते. रब्बीची खळी जवळ आली होती. मी समोर जाऊन बसले. सांगितलं तर लातूर जाईल, हे मला चांगलं कळत होतं. तरी मी सांगितलं, एका दमात, खाली बघून. की अप्पा, मी एकच म्हणणार होते, ठरवून गेले होते, लाभ चुकून आलं.

अप्पांचा हात थांबला नाही. पायलीच्या कडेनं फडकं फिरत राहिलं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "मी म्होरंच बसलो होतो. तुझं तोंड एकाचं झालतं, म्या बघितलं की."

मला काही समजेना. मी विचारलं, मग पाठवता कशाला?

अप्पांनी पायली उजेडात धरून आत बघितली, मग माझ्याकडं.

"चुकून आलं म्हणूनच पाठवायलो. ठरवून म्हटली असतीस तर लातूरला गेल्यावर इसरली असतीस."

त्यांनी पायली खुंटीला लावली आणि अव्वाला आवाज देऊन विचारलं की पेटी मिळाली का.